नदीचा महिना, आपली सुट्टी

ऱ्हाईन नदीच्या उजव्या काठावर काउब नावाचं एक लहानसं जर्मन गाव आहे. पात्राच्या मधोमध खडकावर जकात गोळा करण्यासाठी बांधलेला जुना पांढरा किल्ला, मागच्या उतारावर द्राक्षांचे मळे आणि काठाला पाण्याची पातळी मोजणारी पट्टी. प्रवासी किल्ल्याचे फोटो काढतात. नदीवर ज्यांचं पोट आहे ते लोक पट्टीवरचा आकडा बघतात. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये हा आकडा २५ सेंटिमीटरपर्यंत खाली आला. आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, जहाजं चालतात त्या भागात त्याहून मीटरभर जास्त पाणी असतं. तरीही त्या शरदात मालवाहू जहाजं निम्म्याहून कमी माल भरून चालली आणि पर्यटकांच्या जहाजांचे कार्यक्रम कोलमडले. २०२२च्या ऑगस्टमध्ये आकडा पुन्हा तिशीत घसरला.

जहाज अडलं की प्रवाशांचं काय होतं? सामान बांधायचं, बसमध्ये बसायचं, उथळ टप्पा रस्त्याने ओलांडायचा आणि पलीकडे उभ्या असलेल्या तशाच दुसऱ्या जहाजावर चढायचं. कंपनीच्या दृष्टीने सहल पूर्ण होते. ज्या दरीसाठी पैसे भरले ती मात्र बसच्या खिडकीतून दिसते. पाणी फार झालं तरी हेच, कारण पुलांखालून जायला जागा उरत नाही. तिकिटामागच्या बारीक अक्षरांत हे सगळं लिहिलेलं असतं आणि त्याची भरपाई सहसा मिळत नाही.

गेल्या काही वर्षांत मराठी घरांतल्या परदेश सहलींच्या गप्पांमध्ये रिव्हर क्रूझ हा शब्द चांगलाच रुळला आहे. युरोप एकदा बसने पालथा घालून झालेला असतो, गुडघे कुरकुरायला लागलेले असतात आणि रोज बॅग भरायचा कंटाळा आलेला असतो. मुलगी फ्रँकफर्टला किंवा ॲमस्टरडॅमला असेल तर निमित्तही तयारच. मग ब्रोशर येतं. त्यावर व्हिएन्ना, बुडापेस्ट, कलोन अशी शहरांची माळ. चर्चा होते ती कंपनीची, केबिनची, बाल्कनीची.

माझं म्हणणं असं, की समुद्रावर जायचं तर जहाज निवडावं, पण नदीवर जायचं तर नदीच निवडावी. समुद्रावरचं जहाज म्हणजे तरंगतं शहर. बाहेर पाहायला पाण्याशिवाय काही नसतं, म्हणून करमणूक आत असते. ऱ्हाईन-डॅन्यूबवरची जहाजं जवळपास एकाच साच्यातली. दोन्ही नद्यांना जोडणाऱ्या मार्गावर लॉकची, म्हणजे जहाज वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांची, रुंदी १२ मीटर, म्हणून जहाज साडेअकरा मीटरांच्या आत. लांबी जास्तीत जास्त १३५ मीटर, प्रवासी दीडशे ते एकशेनव्वद. पुलाखालून जाताना कप्तानाची केबिनसुद्धा खाली दाबली जाते आणि वरच्या डेकवरून सगळ्यांना उठवलं जातं. नाट्यगृह नाही, जुगारघर नाही, पोहायचा तलाव असलाच तर न्हाणीघराएवढा. एका कंपनीत आणि दुसरीत फरक असतो तो चादरीचा, वाइनचा आणि शाकाहारी माणसाला रोज सॅलडवर बोळवण्याच्या कौशल्याचा. बाकी सगळं नदी ठरवते: महिना कुठला, काठ किती जवळ, दिवसाउजेडी जहाज किती तास चालणार, पायऱ्या किती चढायच्या.

त्यातही महिना पहिला. आपल्याकडे सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि मे महिन्याची. निवृत्त माणसांना ही अडचण नसावी, पण नातवंडं बरोबर हवी असतात, म्हणून तेही शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेले. दादरच्या एका सहल कंपनीत बुकिंग पाहणाऱ्या बाई सांगत होत्या, की मे महिन्यात नाईल दाखवा म्हणणारे दरवर्षी येतात. लक्सर-आस्वानला मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि देवळं उघड्यावर. नागपूरकरसुद्धा अकरा वाजता बसमध्ये परतायची वाट पाहतात. याउलट दिवाळीच्या सुट्टीत ऱ्हाईन मागितली जाते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आल्प्सचा बर्फ वितळतो तेव्हा ऱ्हाईनला पाणी असतं. शरद ऋतूत ते ओसरलेलं असतं आणि काउबचा आकडा बातम्यांत येऊ लागतो.

म्हणून युरोपातल्या नद्या मेसाठी ठेवाव्यात. रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि डेकवर शालीत बसता येतं.

ऱ्हाईन का डॅन्यूब, हा प्रश्न नेहमीचा. ऱ्हाईनचा बाझेल ते ॲमस्टरडॅम हा प्रवास आठवड्याचा, पण खरं सांगायचं तर त्यातला अप्रतिम भाग ६५ किलोमीटरचाच आहे, बिंगेन-र्‍यूडेसहाइमपासून कोब्लेंट्झपर्यंतचा. वळणावळणाला किल्ला, मध्येच १३२ मीटर उंचीचा लोरेलाईचा कडा, दोन्ही काठांवरून धावणाऱ्या रेल्वे. २००२मध्ये हा टप्पा जागतिक वारशात गेला. जहाज तो काही तासांत पार करतं. त्याच्या वर, बाझेलपासून इफेत्सहाइमपर्यंत, दहा लॉकनी बांधलेला जवळपास कालवाच आहे. खाली कलोनच्या पुढे कारखाने, गोद्या आणि सपाट हॉलंड. म्हणून एजंटला विचारायचं ते एवढंच, की हा मधला टप्पा दिवसा आहे ना? काही वेळापत्रकांत जहाज पहाटेच त्यात शिरतं. तुम्ही न्याहारीला येता तेव्हा निम्मे किल्ले मागे पडलेले असतात.

डॅन्यूबचं आयुष्यच मोठं. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधून निघून काळ्या समुद्रापर्यंत साधारण २,८५० किलोमीटर, दहा देश, चार राजधान्या. निळी म्हणून तिची ख्याती झाली ती श्ट्राउसच्या १८६७च्या वॉल्ट्झमुळे. डेकवरून ती शेवाळी, पावसानंतर सरळ चहाच्या रंगाची दिसते. प्रवासी बहुतेक पासाऊ ते बुडापेस्ट हा तुकडा घेतात आणि तो घेण्यासारखा आहेच. पासाऊला तीन नद्या मिळतात. टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या रेघा कोरून ठेवल्या आहेत, त्यांत २०१३ची रेघ माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर. पुढे मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा पस्तीसेक किलोमीटरांचा पट्टा: जर्दाळूच्या बागा, दगडी बांधांच्या पायऱ्यांवर लावलेले द्राक्षवेल आणि ड्यूर्नश्टाइनचा पडका किल्ला. इंग्लंडच्या सिंहहृदयी रिचर्डला धर्मयुद्धावरून परतताना इथेच ११९२च्या हिवाळ्यात कैद करून ठेवलं होतं. व्हिएन्नाबद्दल मात्र एक सांगायला हवं. जहाज लागतं ते शहराच्या मध्यापासून दूर, मुख्य पात्रात. नदीकाठचं व्हिएन्ना अशी जी कल्पना आपल्या डोक्यात असते ते डॅन्यूबच्या कालव्यावरचं. बुडापेस्ट याच्या बरोबर उलट. तिथे शहरच नदीकडे तोंड करून उभं आहे आणि संध्याकाळी संसदेचे दिवे लागले की जहाजावरचा सर्वांत अबोल माणूसही बायकोला हाक मारतो.

बुडापेस्टच्या खालची डॅन्यूब आपल्याकडचे लोक फारशी घेत नाहीत. मला तीच जास्त आवडेल. सर्बिया आणि रुमानियाच्या मध्ये नदी कार्पेथियन पर्वत फोडून जाते, त्या दरीला आयर्न गेट्स म्हणतात. १९७०च्या सुमाराला धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आदा कालेह हे तुर्की वस्तीचं बेट याच टप्प्यातलं. जहाजं कमी, गर्दी कमी, दर काहीसे उतरलेले. मात्र सर्बिया शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो. हे बुडापेस्टच्या धक्क्यावर कळून उपयोग नाही.

ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट अशी दोन आठवड्यांची सलग यात्राही मिळते, कारण १९९२मध्ये पूर्ण झालेल्या १७१ किलोमीटरच्या कालव्याने ऱ्हाईनला मिळणारी माइन नदी आणि डॅन्यूब जोडल्या गेल्या. जहाज पायरी पायरीने समुद्रसपाटीपासून ४०६ मीटरपर्यंत चढतं आणि पलीकडे उतरतं. यंत्रांची आवड असलेल्या माणसाला ही पर्वणी. बाकीच्यांना साठेक लॉकच्या ओल्या भिंती खिडकीतून पाहाव्या लागतात. शिवाय धोके तिन्ही नद्यांचे एकत्र येतात. बव्हेरियात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा डॅन्यूबचा टप्पा अजून मोकळा वाहतो, तिथे कोरड्या उन्हाळ्यात जहाजं अडतात.

दिवाळीच्या सुट्टीत नाईलला तोड नाही. लक्सर ते आस्वान सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, तीन किंवा चार रात्री. १९७०मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं तेव्हापासून नाईलचा पूर इतिहासजमा झाला आणि पाणी माणसाच्या हातात आलं. म्हणजे काउबसारखी धाकधूक इथे नाही. खोळंबा होतो तो एस्नाच्या लॉकपाशी. तिथे जहाजांची रांग लागते आणि होड्यांतून आलेले विक्रेते शाली, चादरी, झगे पिशवीत घालून थेट तिसऱ्या डेकवर अचूक फेकतात. आवडलं तर त्याच पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे. घासाघीस आरडाओरड्याने होते. तुळशीबागेत तयार झालेल्या बायकांना तिथे कोणी हरवू शकत नाही.

नाईलचं वैशिष्ट्य असं, की काठ एका नजरेत मावतो. पाणी, मग खजुरांची आणि उसाची हिरवी पट्टी, तिच्यामागे लगेच पिवळं वाळवंट. पाच हजार वर्षं एक देश त्या हिरव्या पट्टीवर कसा जगला हे पुस्तकाशिवाय समजतं. प्रवाह उत्तरेकडे आणि वारा बहुधा उत्तरेकडून, म्हणून पूर्वी शिडाच्या होड्या उलट प्रवाहातसुद्धा दक्षिणेला जात. दहाबिया नावाच्या शिडाच्या लहान बोटी पुन्हा चालू झाल्या आहेत, त्यांत दहा-वीस माणसं असतात आणि त्या मोठी जहाजं थांबत नाहीत अशा बेटांवर थांबतात. पैसे जास्त, वेळ जास्त. परवडत असेल तर दहाबियाच घ्यावी असं मी म्हणेन, कारण मोठ्या जहाजांची एक गोष्ट ब्रोशरमध्ये येत नाही. लक्सरला आणि आस्वानला ती एकमेकांना खेटून चार-चार, पाच-पाच उभी केली जातात. काठावर उतरायला तुम्हाला दुसऱ्यांच्या स्वागतकक्षातून जावं लागतं आणि बाल्कनीसाठी जादा पैसे मोजलेले असतील तर पडदा उघडल्यावर समोर शेजारच्या जहाजावरचा गृहस्थ दाढी करताना दिसतो. युरोपातही हे घडतं, इथे रोज घडतं.

आणखी एक दिवाळीची नदी मेकाँग. कंबोडियातली तोन्ले साप ही तिची उपनदी जगावेगळी आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते, की तोन्ले साप उलटी वाहू लागते आणि मागचं सरोवर कित्येक पटींनी पसरतं. पावसाळा संपला की प्रवाह पुन्हा फिरतो. या वळणाचा उत्सव नॉम पेन्हला होड्यांच्या शर्यतींनी साजरा होतो, तोही कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरीला. नोव्हेंबरमध्ये पाणी भरपूर असतं, जहाज सरोवराच्या बाजूने वर जाऊ शकतं, तरंगती गावं खरोखर तरंगत असतात. तीच सहल एप्रिल-मेमध्ये घेतली तर सरोवर आटलेलं, घरं उंच खांबांवर ताटकळलेली आणि सिएम रीपपासून जहाजापर्यंत काही तासांचा बसप्रवास. जाहिरातीतला फोटो दोन्ही वेळा तोच असतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पोर्तुगालची दौरो ज्यांना वेळापत्रकात घाई नको त्यांच्यासाठी, कारण तिथे रात्री जहाज चालवायला बंदी आहे. जे काही चालतं ते दिवसा, तुमच्या डोळ्यांसमोर. कारापातेलोच्या लॉकमध्ये जहाज एका दमात ३५ मीटर उचललं जातं. पण पोर्ट वाइनमध्ये अजिबात रस नसेल तर चौथ्या दिवशी मळे पुरे वाटतात. सेन नदी पॅरिसच्या निमित्ताने घ्यायची. यांगत्झीच्या तीन दऱ्या अजूनही भव्य आहेत, फक्त धरणानंतर त्यांचा पायथा पाण्याखाली आहे आणि त्या पाण्यासाठी दहा लाखांहून अधिक लोकांना घर सोडावं लागलं हे माहीत असलेलं बरं. ॲमेझॉनवर पेरूतल्या इकितोसहून लहान जहाजं निघतात. इकितोसला रस्ता नाही, जायचं तर विमानाने किंवा नदीने. पाणी चढलेलं असताना होडीने थेट जंगलात शिरता येतं, उतरल्यावर पायवाटा उघडतात, तेव्हा आधी आपण काय करणार ते ठरवावं. मुंबईहून तिथे पोचण्यातच जीव जातो.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात नदीवर मुक्कामाची क्रूझ का नाही, असं लोक विचारतात. दख्खनच्या नद्या खडकावरून वाहतात, चार महिने दुथडी आणि आठ महिने डोहाडोहांनी, आणि ठिकठिकाणी धरणं. कोकणातल्या खाड्या सुरेख, पण जहाज निघतं तोवर समुद्र येतो. मांडवीवरची पणजीची संध्याकाळची फेरी म्हणजे तासाभराचा नाचगाण्याचा कार्यक्रम, त्याला क्रूझ म्हणणं हा केवळ मोठेपणा. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी मात्र आंध्रात पापिकोंडलुच्या डोंगरांतून जाते तेव्हा बोटीने पाहण्यासारखी असते. ते दिवसभराचं काम आहे. २०१९च्या सप्टेंबरमध्ये नदीला पूर असताना तिथे पर्यटकांची बोट उलटून चाळीसहून अधिक माणसं बुडाली. पुराच्या पाण्यात बोट सुटतेय असं दिसलं तर तिकिटाचे पैसे सोडून द्यावेत आणि एरवीही लाइफ जॅकेट अंगावर घातल्याशिवाय पाय टाकू नये.

मुक्कामाची नदी म्हणजे गंगा आणि ब्रह्मपुत्रा. १३ जानेवारी २०२३ला वाराणसीहून ‘गंगा विलास’ निघालं, ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर करून बांगलादेशमार्गे दिब्रुगडला जाण्यासाठी. त्याची हवा फार झाली. पण ३६ प्रवाशांच्या त्या जहाजावर ५१ दिवस काढायला सवड आणि पैसा दोन्ही हवं. साध्या माणसाने गंगेचा एकच तुकडा घ्यावा आणि तो बंगालमधला घ्यावा. वाराणसी-पाटण्याकडचं पात्र रुंद आणि उथळ. मुख्य धार जागा बदलते आणि ती एका ठिकाणी राहावी म्हणून पात्रात बांबूच्या ताट्या रोवतात. थंडीत दाट धुकं पडलं, की जहाज सकाळी हलत नाही.

कोलकात्याहून वर जाणारी हुगळी हा माझ्या मते मराठी माणसाने पहिल्यांदा निवडावा असा प्रवाह. उन्हाळ्यातही तिच्यात पाणी राहतं ते फराक्क्याच्या बंधाऱ्यामुळे. १९७५पासून गंगेचं पाणी ३८ किलोमीटरच्या कालव्याने इकडे वळवलं जातं. खालच्या टप्प्यात भरती-ओहोटी चालते, त्यामुळे जहाजाचा सारेंग घड्याळापेक्षा पाण्याचं वेळापत्रक पाळतो. रात्री प्रवास नाही. काठ इतका जवळ, की घाटावर भांडी घासणाऱ्या बाईने काय स्वयंपाक केला असेल याचा अंदाज बांधता येतो. आणि दर काही तासांनी एक संपलेलं साम्राज्य येतं: श्रीरामपूरला डॅनिश, चंदननगरला फ्रेंच, चिनसुऱ्याला डच, बँडेलला पोर्तुगीज. काल्न्याला दोन वर्तुळांत बांधलेली १०८ शिवमंदिरं आहेत, १८०९ची. दिवाळीनंतर लगेच, कार्तिक शुद्ध नवमीच्या आसपास, चंदननगरात जगद्धात्रीची पूजा असते. तिथली रोषणाई पाहायला सगळा बंगाल लोटतो. आपली सुट्टी आणि नदीचा हंगाम इतके नेमके जुळलेले दुसरीकडे मला दिसत नाहीत.

शिवाय आपला इतिहास या काठावर दोन अगदी वेगळ्या कारणांनी आलेला आहे. श्रीरामपूरला विल्यम कॅरीच्या छापखान्यात १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं गेलं, वैजनाथ पंडितांच्या मदतीने. पाच वर्षांनी त्याच छापखान्यातून मराठी कोश निघाला. मुंबई-पुण्यात मराठी छपाईने मूळ धरण्याआधी ती इथे, ज्यूट गिरण्यांच्या या दमट काठावर चालू होती. आणि वर काटव्याला, अजय आणि भागीरथीच्या (वरच्या टप्प्यात हुगळीचं नाव हेच) संगमाजवळ, १७४२मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर फौजेची छावणी टाकून होते. बंगालच्या आठवणीत मराठे म्हणजे बर्गी, रात्री गावं लुटणारे. पोरांना झोपवायला आयांनी त्यांची भीती घातली. मराठ्यांच्या धास्तीने कोलकात्यात खंदक खणला गेला. आमच्या जहाजावरच्या वाटाड्याने काटव्याजवळ हे सगळं सांगितलं, मग प्रवाशांत कोण कुठले आहेत ते विचारलं आणि आमच्याकडे बघून मोकळेपणाने हसला. शाळेच्या पुस्तकात बंगालच्या स्वाऱ्या पराक्रमाच्या प्रकरणात येतात. त्या लुटल्या गेलेल्यांच्या काठावरून ऐकणं हा निराळाच अनुभव आहे. तिथून वर प्लासी, मुर्शिदाबाद, १८३७चा हजारदुवारी राजवाडा. मध्येच गंगेतला डॉल्फिन पाठ दाखवून जातो, पण तो फोटो काढू देत नाही.

गैरसोयीही आहेत. अनेक ठिकाणी धक्का नसतो. फळीवरून उतरून चिखलाची किंवा उंच पायऱ्यांची चढण चढावी लागते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी नीट विचारून घ्यावं. प्रवासी वयस्क असतात, संध्याकाळी करमणूक म्हणजे एखादं व्याख्यान किंवा बाउल गायक.

ब्रह्मपुत्रा ही त्याहून अवघड निवड. हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात काझीरंगाही बंद असतं. आसामात या नदीवर ना लॉक, ना धरण. पात्र काही ठिकाणी इतकं रुंद, की दिवसभर दिसतं ते वाळू आणि आकाश. पाणी ओसरलं की धार रोज नवी वाट शोधते. खलाशी पुढच्या टोकाला उभे राहून बांबूने खोली मापत जातात आणि त्या त्या भागातले माहितगार सारेंग पाळीपाळीने जहाजावर चढतात. मुक्कामाला बंदर नाही, संध्याकाळी वाळूच्या पट्ट्यावर खुंट रोवून जहाज बांधतात. माजुली बेटावरच्या सत्रांत, म्हणजे वैष्णव मठांत, मुखवटे बनवणारे कारागीर आणि गाणारे-नाचणारे भक्त भेटतात, पण ते बेटही नदी दरवर्षी थोडं थोडं खाते आहे. पक्षी पाहणाऱ्यांनी, पुस्तकं वाचणाऱ्यांनी, मोबाइलला रेंज नसली तरी ज्यांचं बिघडत नाही त्यांनी इथे यावं आणि दुर्बीण आणावी. ज्यांना रोज संध्याकाळी नव्या गावात उतरून केक खायचा आहे, त्यांनी मेमधलं डॅन्यूबचं तिकीट जानेवारीतच काढून ठेवावं. मधल्या डेकवरच्या केबिन आधी संपतात.